पीटेड स्कॉच पूर्वीसारखी का लागत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २००७-०८ मध्ये तेलकंपनीच्या कामासाठी तुम्ही अ‍ॅबर्डीनला होतात. तिथे स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या एका डिस्टिलरीची दहा वर्षांची पीटेड (पीटचा धूर दिलेली) सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीची मोड आणलेल्या बार्लीची व्हिस्की, तुम्हाला आवडली आणि तेव्हापासून तुम्ही तीच घेत आलात. पण गेल्या काही वर्षांतल्या बाटल्या 'पातळ' लागतात, धूर कमी केल्यासारखा वाटतो. घरी २००८ च्या एका बाटलीत तळाला दोन बोटं शिल्लक आहेत, ती चाखली तर तीही आठवणीतल्यासारखी नाही. शिवाय २०१६ ची एक न फोडलेली बाटली आणि यंदाची एक फोडलेली बाटली आहे. मग बदललं काय, व्हिस्की की जीभ?

मी नऊ वर्षं एका कारखान्याच्या ब्लेंडिंग, म्हणजे वेगवेगळ्या पिंपांतला माल मिसळण्याच्या विभागात काढली आणि गेली बारा वर्षं पुण्या-मुंबईत व्हिस्की चाखण्याच्या बैठका घेते आहे. जवळपास प्रत्येक बैठकीत कुणी ना कुणी हाच प्रश्न विचारतं. सरळ उत्तर देते. व्हिस्की बदलली आहे, जीभही बदलली आहे, आणि तळाची ती दोन बोटं या दोन्हींपेक्षा जास्त बदलली आहेत. पण 'धूर कमी केला' हे निदान मला पटत नाही. माझ्या अनुभवात या सगळ्यात सर्वांत स्थिर गोष्ट धूरच आहे. बदलतं ते धुराखालचं: फळ, साय, अंग, लाकूड. ते कमी झालं की धूर एकटा पडतो आणि आपल्याला वाटतं, धूरच कमी झाला.

आधी धुराचं पाहू. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं दबून अर्धवट कुजलेलं शेवाळ, गवत, झुडपांची मुळं. त्याच्या लांबट विटा कापून वाळवतात आणि सरपण म्हणून जाळतात. हुरडा भाजताना गोवरीचा धूर कणसाला धरतो, तसा हा धूर मोड आलेल्या बार्लीला धरतो. बार्ली ओलसर असेपर्यंतच धुरातली फेनॉल, म्हणजे धुराचा वास देणारी रसायनं, तिच्या सालीला नीट चिकटतात, दाणा वाळत गेला की धूर नुसता वरून निघून जातो. म्हणून बार्ली वाळवण्याच्या भट्टीतले सुरुवातीचे तास महत्त्वाचे. हाताने कापलेला पीट जरा ओला असतो, तो धुमसतो आणि धूर जास्त देतो. यंत्राने कापलेला पीट वेगळा जळतो. पीट कुठल्या दलदलीतला आहे यावरही वास ठरतो. ऑर्कनी बेटांवरच्या हायलंड पार्कचा धूर हेदरच्या झुडपांचा, फुलांकडे झुकणारा. आयलाचा धूर टिंक्चर आयोडीनकडे, किनाऱ्यावर वाळत घातलेल्या बोंबलाकडे झुकणारा.

मग हा धूर दर खेपेला बदलत नाही का? पूर्वी बदलत असणार. डिस्टिलरी स्वतःच्या फरशीवर बार्ली पसरायची, माणसं लाकडी फावड्यांनी ती उलटायची, आणि भट्टीवाल्याच्या नजरेवर सगळं चालायचं. आयलावरच्या लागावुलिन डिस्टिलरीची स्वतःची फरशी १९७४ मध्ये बंद झाली. १९७३ मध्ये बेटावर पोर्ट एलन माल्टिंग्ज हा मोठा कारखाना सुरू झाला होता, त्याने आयलाच्या बऱ्याच डिस्टिलऱ्यांना माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, पुरवली. लाफ्रोइग, बोमोर आणि २००५ मध्ये सुरू झालेली किलहोमन या डिस्टिलऱ्या गरजेचा काही भाग स्वतःच्या फरशीवर करत आल्या आहेत. बाकीच्यांची मागणी आकड्यात जाते: लागावुलिनला साधारण ३५ पीपीएम (दहा लाख भागांत ३५ भाग) फेनॉल, आर्डबेगला ५५ च्या आसपास. एखादी खेप कमी-जास्त निघाली तर दुसऱ्या खेपेत मिसळून आकडा जुळवतात. म्हणजे गेल्या तीस-चाळीस वर्षांत धुराचं माप सैल झालेलं नाही, उलट बांधलं गेलं आहे.

आणि या पीपीएमच्या आकड्याला लोक नको इतकं महत्त्व देतात. तो आकडा माल्टचा असतो, ग्लासातल्या व्हिस्कीचा नव्हे. दळताना, गाळताना त्यातला बराच भाग जातो. दारू गाळण्याच्या भट्टीतून उतरलेल्या ताज्या दारूत ढोबळमानाने तिसरा हिस्सा ते निम्मा उरतो, आणि पिंपात वर्षं जातील तसतसा तोही ओसरतो. ऑक्टोमोर या अतिशय पीटेड व्हिस्कीच्या ८.३ क्रमांकाच्या बाटलीसाठी वापरलेलं माल्ट ३०९ पीपीएमचं होतं. ती ५५ च्या आर्डबेगपेक्षा साडेपाचपट धुरकट लागते का? अजिबात नाही.

ग्लासात किती आणि कसला धूर येणार हे बऱ्याच अंशी गाळण्याच्या दुसऱ्या भट्टीवर ठरतं. तिथे आधी निघणारं 'डोकं' बाजूला काढतात, शेवटचं 'शेपूट' बाजूला काढतात आणि मधलं तेवढं पिंपात जातं. सुरुवातीला फळांचे, गोडसर वास निघतात. अल्कोहोलचं प्रमाण उतरत जातं तसा धूर, मग डांबर, मग औषध. लाफ्रोइगला डोकं सुमारे पाऊण तास बाजूला काढतात, त्यामुळे गोडवा घेऊन येणारा बराच भाग पिंपात जातच नाही, आणि ती व्हिस्की इतकी दवाखान्यासारखी लागते. आर्डबेगला भट्टीच्या नळीवर एक छोटं भांडं जोडलेलं आहे, ते जड वाफा परत खाली पाठवतं, म्हणून ५५ चं माल्ट वापरूनही तिथे धुराबरोबर लिंबू आणि फळ येतं. मधला भाग कुठे तोडायचा हा निर्णय थोडा इकडे-तिकडे सरकला तरी फरक पडतो.

आता मुद्द्याकडे येते. बाटलीवरचे '१०' म्हणजे त्यातल्या सर्वांत तरुण थेंबाचं वय. त्यात अकरा, तेरा, अठरा वर्षांचं काय आणि किती आहे हे लेबल सांगत नाही. ते ठरतं गोदामात त्या वर्षी काय पडून आहे त्यावर. आणि गोदामात काय पडून आहे हे ठरतं दहा-पंधरा वर्षांपूर्वी भट्टी किती पेटली होती त्यावर. चव बदलण्याचं माझ्या मते सर्वांत मोठं आणि सर्वांत दुर्लक्षित कारण हेच आहे.

तुम्ही डिस्टिलरीचं नाव लिहिलेलं नाही, म्हणून उदाहरण म्हणून आर्डबेग घेते, कारण तिचा इतिहास इतका तुटक आहे की हिशेब बोटांवर करता येतो. आर्डबेग मार्च १९८१ मध्ये बंद पडली. १९८९ मध्ये पुन्हा सुरू झाली, पण वर्षातला थोडाच काळ चालायची. जुलै १९९६ मध्ये पुन्हा कुलूप. १९९७ मध्ये ग्लेनमोरांजी कंपनीने ती ७० लाख पौंडांना घेतली आणि त्याच उन्हाळ्यात भट्ट्या पेटल्या. आज आपण ओळखतो ती ४६ टक्के अल्कोहोलची आर्डबेग १० बाजारात आली २००० मध्ये.

आता २००७ च्या मार्चमध्ये भरलेली एक आर्डबेग १० डोळ्यांसमोर आणा. तिच्यात मार्च १९९७ च्या नंतरचा थेंब जाऊच शकत नाही. पण जुलै १९९६ पासून तर डिस्टिलरी बंद होती. म्हणजे त्या बाटलीतला सर्वांत तरुण थेंबसुद्धा साडेदहा वर्षांच्या पुढचा. त्याच्या आधीच्या वर्षांतही भट्टी थोडीच चाललेली, त्यामुळे मिश्रण करणाऱ्याच्या हाताशी एका वर्षाचा भरघोस साठा नव्हता. होतं त्या जुन्या मालातूनच बेरीज जमवायची होती. २००८ नंतर मात्र नव्या मालकाच्या काळात नियमित गाळलेला, नेमका दहा वर्षांचा माल भरपूर मिळू लागला. लेबल तेच, आकडा तोच, टक्के तेच. आतला माल दोन वेगळ्या काळांतला. २००८ च्या आधीच्या बाटल्यांना लिलावात आज वेगळा भाव मिळतो, त्याला नुसती हौस म्हणून झटकून टाकू नका.

याच आर्डबेगने आणखी एक फार मोलाची गोष्ट केली. १९९८ मध्ये गाळलेला माल चार टप्प्यांवर विकला: व्हेरी यंग, स्टिल यंग, ऑलमोस्ट देअर, आणि २००८ मध्ये दहा वर्षांची झाल्यावर रेनेसान्स. एकच माल वाढताना चाखायला मिळाला. या चारही मी एका बैठकीत शेजारी-शेजारी ठेवल्या होत्या. पहिलीत ओल्या लाकडाचा, डोळ्यात जाणारा धूर आणि हिरवं सफरचंद. चौथीत धूर खाली बसलेला, वर लिंबाच्या लोणच्याचा आंबट-गोडपणा आणि साखरेचा पाक. वय वाढलं की धूर ओसरतो आणि खालचं वर येतं, हे शंभर पानं वाचून कळणार नाही इतकं त्या चार ग्लासांत कळतं. तुमच्या २००८ च्या बाटलीत जरा जास्त वयाचा माल असेल, तर खरं तर तिच्यात धूर आजच्यापेक्षा कमीच असणार. तरी ती तुम्हाला जास्त भरीव आठवते, कारण धुराखाली काहीतरी होतं.

लागावुलिनचं तसंच. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला स्कॉचची मागणी कोसळली होती. १९८३ मध्ये शेजारची पोर्ट एलन डिस्टिलरी बंद झाली (ती २०२४ मध्ये परत उघडली), आणि लागावुलिनची भट्टी आठवड्यातून दोनच दिवस पेटायची. मग १९८८ मध्ये लागावुलिन १६ क्लासिक माल्ट्सच्या मालिकेत आली आणि जगभर गाजली. त्या सुरुवातीच्या बाटल्या १९७० च्या दशकातल्या मालाच्या. पण १९८० च्या दशकात गाळलेलंच थोडं, त्यामुळे सोळा वर्षांनी, म्हणजे २००० च्या आसपास, दुकानांत लागावुलिन १६ मिळेनाशी झाली. पिंप मागे जाऊन भरता येत नाही. तुटवड्यात ब्लेंडरला निवड नसते, आहे ते वापरावं लागतं. मुबलक असतं तेव्हा शंभरातली सत्तर पिंपं निवडता येतात.

चूकही अशीच उशिरा बाहेर येते, आणि त्याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण बोमोर. १९६० च्या दशकातली बोमोर तिच्या पिकल्या पेरूच्या, आंब्याच्या वासासाठी चाखणाऱ्यांमध्ये दंतकथा झाली आहे. १९८० च्या दशकात गाळलेल्या बोमोरमध्ये मात्र लॅव्हेंडरचा, अत्तराचा, साबणाच्या वडीचा वास अनेक नामवंत चाखणाऱ्यांनी नोंदवला. हा माल बाटलीत उतरला तो मुख्यतः १९९० च्या दशकात. १९९० च्या सुरुवातीपासून भट्टीतून उतरणारी दारू पुन्हा निर्मळ झाली होती, पण दुकानातल्या ग्राहकापर्यंत ती पोहोचायला आणखी दहा वर्षं गेली. म्हणून 'अमुक डिस्टिलरी आता चांगली की वाईट' हा प्रश्नच मी बदलून विचारते: बाटली कधी भरली, आणि त्यातून मागे गेलं तर भट्टी कधीची?

हा नियम पुढेही लागू आहे. आर्डबेगने २०२१ मध्ये नवं भट्टीघर सुरू केलं आणि दोनाच्या चार भट्ट्या झाल्या. त्यांचा माल '१०' च्या बाटलीत यायला २०३१ उजाडेल. तेव्हा पुन्हा 'पूर्वीसारखी राहिली नाही' असं म्हणणारे येतील, आणि कदाचित त्यांचं बरोबरही असेल.

इतकं असूनही दर महिन्याची बाटली वेगळी का लागत नाही? कारण तिथे एक माणूस बसलेला असतो. आमच्या ब्लेंडिंग विभागात एक राखाडी लोखंडी कपाट होतं. दर खेपेचा शंभर मिलीचा नमुना, लेबलवर तारीख, बुचावर मेण. नवी खेप तयार झाली की तिच्याशेजारी मागच्या तीन खेपांचे नमुने ठेवायचे, सगळ्यांना पाणी घालून वीस टक्क्यांवर आणायचं आणि निळ्या ग्लासात ओतायचं, म्हणजे रंग दिसू नये. फरक जाणवला नाही की सही. माझ्या नऊ वर्षांत जवळपास प्रत्येक खेप अशी सहज पास झाली. एका रिकाम्या दुपारी मी कपाटाच्या तळाचा अकरा वर्षांपूर्वीचा नमुना काढून ताज्या खेपेशेजारी ठेवला. वास घेतला आणि हातातला पेन खाली ठेवला. दोन वेगळी उत्पादनं होती. जुन्यात काळ्या मनुकांचा जाड गोडवा होता, नव्यात व्हॅनिला आणि ताजं कापलेलं लाकूड. प्रत्येक खेप आधीच्या खेपेसारखीच होती, पण झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेल्यावर शेवटच्या पानावर जे होतं ते झालं होतं. कुणी फसवलं नव्हतं. मोजपट्टीच हळूहळू सरकत होती. त्या दिवसापासून आम्ही सर्वांत जुना नमुनाही दर खेपेला टेबलावर ठेवू लागलो.

त्या दोन नमुन्यांतला फरक लाकडाचा होता, आणि स्कॉचमध्येही लाकूड बदललेलं आहे. एके काळी स्पेनहून शेरी ही वाइन पिंपांतून ब्रिटनला यायची, तिथे बाटलीत भरली जायची आणि रिकामी पिंपं व्हिस्कीवाल्यांना मिळायची. १९८० च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद होऊ लागली आणि ती पिंपं संपली. आज शेरीची म्हणून मिळतात ती पिंपं बहुतेक व्हिस्कीसाठीच मुद्दाम शेरीत मुरवून तयार केलेली असतात. बाकी बहुतांश साठा बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या पिंपांत. पहिल्यांदाच भरलेलं बर्बनचं पिंप दहा वर्षांत इतका व्हॅनिला आणि खोबऱ्याचा गोडवा देतं की धुराचे टोकदार कोपरे झाकले जातात. थकलेल्या, तीनदा वापरलेल्या पिंपात हे होत नाही. तिथे धूर नागडा दिसतो, आणि जुन्या आयला व्हिस्कीत तो तसाच दिसायचा. आर्डबेगची उगदाल ही व्हिस्की २००३ मध्ये आली, तेव्हा तिच्यात जुन्या शेरी पिंपांतला माल होता. तसा माल अमर्याद नसतोच, त्यामुळे सुरुवातीची उगदाल आणि आजची उगदाल चाखून माणसं भांडतात, तेव्हा दोघंही आपापल्या ग्लासाबद्दल खरं बोलत असतात.

'पातळ' या तुमच्या शब्दाकडे वळते, कारण त्याचं एक अगदी साधं कारण असू शकतं. लेबलवरचे टक्के पाहिलेत का? एकाच नावाची व्हिस्की वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या टक्क्यांवर भरली जाते. लाफ्रोइग १० काही बाजारांत ४० आहे, काहींत ४३. भारतासाठी भरलेल्या अनेक स्कॉचवर ४२.८ लिहिलेलं असतं आणि बाटली ७५० मिलीची असते. ब्रिटनमधली ७०० ची, विमानतळावरची बहुधा लिटरची. ४० आणि ४६ यांतला फरक फक्त जोराचा नाही. ४६ च्या खाली भरताना बहुतेक वेळा व्हिस्की गार करून गाळतात, म्हणजे बर्फ टाकल्यावर ती गढूळ होऊ नये. त्या गाळणीत काही स्निग्ध घटक जातात आणि त्यांच्याबरोबर तोंडातलं ते सायीसारखं भरलेपण जातं. तुलना करण्याआधी दोन्ही बाटल्या एका टक्क्यावर आणा. ४३ ची व्हिस्की ४० वर आणायला ३० मिलीत सव्वादोन मिली पाणी लागतं, ४६ ची आणायला साडेचार मिली. औषधाची सिरिंज वापरा, चमच्याने हे मोजता येत नाही.

खेपांमधला फरक जो उत्पादक लपवत नाही, त्याच्याबद्दल मला आदर आहे. लाफ्रोइगने आपली दहा वर्षांची कास्क स्ट्रेंग्थ (पिंपातल्या जोरावरच, पाणी घालून न उतरवता भरलेली) २००९ पासून क्रमांक घालून विकायला सुरुवात केली. बाटलीवर बॅच आणि महिना छापलेला. जानेवारी २०११ ची तिसरी बॅच ५५.३ टक्के, फेब्रुवारी २०२० ची बारावी ६०.१. लागावुलिनची १२ वर्षांचीही २००२ पासून दरवर्षी वेगळी येते. पीटेड व्हिस्की काळाबरोबर कशी हलते हे ज्यांना शिकायचं आहे त्यांनी अशा मालिकेतल्या दोन-तीन बाटल्या मित्रांत वर्गणी काढून घ्याव्यात. महाग पडतं, पण शिकायला याहून चांगली वाट मला माहीत नाही.

तुमच्या २००८ च्या तळाच्या दोन बोटांची साक्ष मात्र ग्राह्य धरू नका. बाटली अर्धी झाली की आतली हवा काम सुरू करते. पीटेड व्हिस्कीत सर्वांत आधी जातो तो वरचा धारदार धूर. वर्षभरात गोडसर राख उरते, आणि सोळा-सतरा वर्षांत ओल्या पुठ्ठ्यासारखं काहीतरी. आपल्या उन्हाळ्यात हे आणखी लवकर होतं. माझ्या भावाने आणि मी एकाच दुकानातून एकाच कोडच्या दोन बाटल्या घेतल्या होत्या. त्याची पुण्यात स्वयंपाकघराच्या माळ्यावर दोन उन्हाळे राहिली, माझी गोदरेजच्या कपाटात कपड्यांमागे. दोन्ही न फोडलेल्या. माळ्यावरच्या बाटलीची पातळी बोटभर खाली आली होती, बूच काढताना त्याचा भुगा झाला, आणि त्या व्हिस्कीत चुलीवरच्या भरताचा वास असायला हवा तिथे नुसती कोमट राख होती. म्हणून बाटली उभी ठेवा, अंधारात ठेवा, घरातल्या सर्वांत गार भिंतीला ठेवा, आणि एक तृतीयांश उरली की छोट्या बाटलीत काठोकाठ ओतून ठेवा.

उष्णतेवरून गोव्याचं सांगते. कुंकळ्ळीच्या पॉल जॉनची किंवा बंगळुरूच्या अमृतची पीटेड व्हिस्की चाखताना वरचा सगळा दशकांचा हिशेब लावू नका. धूर तिथेही स्कॉटलंडच्याच पीटचा आहे, पण स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के उडून जातं, गोव्यात आठच्या आसपास. तिथे माल काही वर्षांतच तयार होतो, त्यामुळे आजच्या बाटलीत फार जुना इतिहास नसतो. तिथला बदल लवकर दिसतो आणि लवकर सुधारताही येतो.

आता जीभ. वय वाढतं तसं नाक मंदावतं हे खरं, पण पीटच्या बाबतीत सवय हा जास्त मोठा मुद्दा आहे. फेनॉलला नाक फार पटकन सरावतं. पहिल्या घोटाला जो धूर भिंतीसारखा येतो, तो तिसऱ्या घोटाला पडद्यासारखा होतो. वर्षानुवर्षं तेच पिणाऱ्याला पहिलाच घोट पडद्यासारखा लागतो. पंधरा दिवस पीटेड काहीच पिऊ नका, मग पुन्हा वास घ्या. बऱ्याच जणांचं अर्धं गाऱ्हाणं तिथेच मिटतं.

उरलेल्या अर्ध्यासाठी चाचणी करा. २०१६ ची बाटली फोडा. दोन्ही बाटल्यांवर काचेत कोरलेला किंवा छापलेला कोड टॉर्चच्या उजेडात वाचून लिहून ठेवा. बहुतेक वेळा एल अक्षरानंतरचे आकडे भरल्याचं वर्ष आणि वर्षातला दिवस सांगतात. यंदाची फोडलेली बाटली निम्म्याच्या खाली गेली असेल तर ती वापरू नका, त्याच कोडच्या जवळची नवी घ्या. दोन्ही एका टक्क्यावर आणा. घरातल्या कुणाला तरी तीन सारख्या ग्लासांत पंधरा-पंधरा मिली ओतायला सांगा: दोघांत एक बाटली, तिसऱ्यात दुसरी. कोणता ग्लास एकटा आहे ते तुम्ही नुसत्या वासाने आणि एका घोटाने ओळखायचं. घरात उदबत्ती नको, फोडणी नको. मध्ये नाक थकलं तर स्वतःच्या मनगटाचा वास घ्या, आणि कोरड्या पोळीचा तुकडा खा. एका संध्याकाळी एकच फेरी, अशा सहा संध्याकाळी. नुसत्या अंदाजानेही सरासरीने सहापैकी दोनदा बरोबर येतं. पाच किंवा सहा वेळा बरोबर आलं तर ते नशीब नव्हे. तसं नशिबाने घडण्याची शक्यता शंभरात दोनही नाही.

ओळखता आलं तरच पुढचा प्रश्न विचारा: वेगळी कशात? तेव्हा 'धूर' हा शब्द बाजूला ठेवून लिहा. फळ कुठे आहे, लिंबाकडचं की पेरूकडचं? गोडवा मनुकांचा की व्हॅनिलाचा? घोट गिळल्यावर जिभेवर साय राहते का, किती वेळ? दोन्ही कोड, दोन्हींचे टक्के आणि सहा संध्याकाळच्या नोंदी मला पाठवा. डिस्टिलरीचं नावही कळवा. त्या वर्षांत तिची भट्टी किती चालली होती ते ताडून तुमच्या नोंदींशेजारी मांडता येईल.